घरच्या ओळीवरची बोटं

हिर्डोशी, ता. भोर
रविवार, २ नोव्हेंबर २०२५

चि. अमृत,

अण्णांचे आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. तिकडचं तू कळवत नाहीस, म्हणून तेही ठीकच असणार असं धरून चालतो.

पत्र बघून हसशील. बाप हिर्डोशीत, मुलगा नसरापुरात, आणि मधे टपाल म्हणून गोरखचा दुधाचा टेम्पो! पण फोन करायला मी वरच्या जांभळीपर्यंत चढून गेलो होतो. रेंज आली, रिंग वाजली, तू उचलला नाहीस. दुकानात गर्दी असेल. पाडव्याला आला नाहीस, तेव्हाही गर्दीच असेल.

भात कापून झालं, झोडपणी राहिली आहे. नाचणी यंदा बरी. प्रेरणा सासूच्या गुडघ्यासाठी दसऱ्याला आली, ती अजून आहे. गुडघा आता बरा आहे, पण ती आहे.

आता कामाचं. उतरत्या उन्हात ओसरीवर बसलं की मला अजून वर्ग दिसतो. पोरं मांडी घालून बसलेली, पुढच्या रांगेतल्याचं नाक वाहतंय आणि सगळी एका सुरात कविता म्हणतायत. नवीन पुस्तकाचा वास येतो म्हण की. पाठ होत्या त्या कवितांची आता एकेक ओळ गळायला लागली आहे. सगळ्या टाइप करून ठेवाव्यात असं मनात आलं. तर तुझ्या दुकानात पडद्यामागे तो कॉम्प्युटर आहे ना, तुझ्या कॉम्प्युटर क्लासच्या वेळचा? तूच म्हणतोस, आता सगळं मोबाईलवर होतं, तो डबा भंगारात जायचा. प्रेरणा इथं असल्यामुळे त्यावर बसायलाही कुणी नाही. म्हणजे रिकामाच असणार. गोरखबरोबर पाठवून दे, वायरी न विसरता. मी जपून वापरीन.

आई म्हणते, "पोराला ईचारा, जेवतोय का टायमाला?" विचारलं.

तुझे,
अण्णा


हिर्डोशी
मंगळवार, ११ नोव्हेंबर

चि. अमृत,

आशीर्वाद.

टॅब मिळाला. खोका फार सुंदर आहे. गोरखनं तुझा निरोप शब्दाला शब्द सांगितला, तोंडही तुझ्यासारखं करून दाखवलं: "म्हाताऱ्याला म्हणावं, ह्यात सगळं येतं. डबा आता कुणी ठेवत नाही. आणि तिला म्हणावं, गुडघा झाला असंल तर ये, नाहीतर राहा तिकडंच कायमची."

शेवटचं वाक्य त्यानं अंगणात सांगितलं. प्रेरणा तेव्हा नाचणीची कणसं वाळत घालत होती. तिनं मान वर केली नाही. तुझी आई मात्र बोलली, "गोरख, त्याला म्हनावं, कायमची ठेवायला आमची ना न्हाई. भाकरी लई चांगली करती."

टॅबचं कौतुक मी खोटं करत नाही. प्रेरणानं जांभळीखाली उतरवून आणलेले गुडघ्याचे व्यायाम तुझ्या आईनं त्यावर बघितले. तिथंच हवामानही कळलं, म्हणून भात उचलून घेतलं. पण ज्या कामासाठी मी डबा मागितला होता, ते त्यावर होत नाही. आणि ते काम कवितांचं नव्हे. तुला एव्हाना समजलंच असेल.

प्रेरणा लेखी परीक्षा पास झाली आहे. लिपिक-टंकलेखकाची. गेल्या वर्षी तुझ्या दुकानातून, त्याच कॉम्प्युटरवरून तिनं अर्ज भरला होता, तू म्हणाला होतास, "भर, लोकांचे भरतेस तसा स्वतःचा पण भर." आता फक्त टायपिंगची चाचणी उरली आहे. ती कॉम्प्युटरवर असते, खऱ्या कळफलकावर. ती पास झाली तर नोकरी, नाही तर नाही. इतकं सरळ आहे.

तू म्हणशील, ती मोबाईलवर किती भराभर टाइप करते. करते की. दोन अंगठ्यांनी. दुकानातले फॉर्मही ती बघून बघूनच भरायची, चार बोटांनी. चाचणीत नजर उताऱ्यावर ठेवायची असते आणि दहाही बोटं चालवायची असतात. भोरला तिनं टायपिंगचा क्लास लावला आहे, तिथल्या सरांनी आम्हाला पहिल्या दिवशी एक गोष्ट सांगितली. मला ती एखाद्या जुन्या कवितेच्या ओळीसारखी लागली. कळफलकावर मधली ओळ ही बोटांची घरची ओळ. प्रत्येक बोटानं वर जावं, खाली जावं, काम करावं आणि घरच्या ओळीवर परत यावं. दोन कळांवर बारीक उंचवटा असतो, न बघता घर सापडावं म्हणून.

काचेवर तो उंचवटा नाही, अमृत. काचेवर बोट टेकवलं की अक्षरच उमटतं. बोटाला विसावा म्हणून नाही. कळफलकावर हात ठेवून माणसाला थांबता येतं. एवढाच मला कळलेला फरक.

पण भोरला जायचं तर सकाळची एसटी, यायला थेट संध्याकाळची, आणि मधे मशीन मिळतं तासभर. ऐन झोडपणीत रोज कसं जमणार? म्हणून मी बसायच्या पाटावर खडूनं कळफलक काढला. मास्तरच मी, अक्षरं गिरवून घेण्यात जन्म गेला. दोन कळांवर डिंकानं तांदळाचा एकेक दाणा चिकटवला, उंचवटा म्हणून. प्रेरणा त्यावर बोटं चालवायची आणि मी तोंडानं मजकूर सांगायचो. एकदा ती पाणी प्यायला उठली, तेवढ्यात कोंबडीनं येऊन दोन्ही दाणे टिपले. "घर गेलं अण्णा," असं म्हणून ती हसली. दसऱ्यानंतर पहिल्यांदा हसली.

मजकूर म्हणून मी काय सांगणार? कविताच. मला वाटलं, वृत्तात म्हटलं की बोटांना ताल येईल. आणि आला. पाटावर असा ठेका धरायची की तुझी आई म्हणाली, "मास्तर, सुनेला कारकून करताय का भजनात बसवताय?"

मग गेल्या शनिवारी भोरला सरांनी सराव चाचणी घेतली. उतारा होता कुठल्याशा पाणीपुरवठ्याच्या परिपत्रकाचा. लांबच लांब वाक्यं, कुठं श्वास घ्यायला जागा नाही. तिनं वेळेत पुरा केला. मी बाकावर छाती फुगवून बसलो. सरांनी पडद्याकडे बघितलं, चष्मा काढला, पुसला, परत बघितलं.

"ताई, हे परिपत्रक आहे की पाळणा?"

सात-आठ शब्द झाले की तिनं एंटर दाबलेलं, नवी ओळ. पुन्हा तेवढेच शब्द, पुन्हा एंटर. सगळा पाणीपुरवठा कडव्यांत बसवलेला. मी म्हणताना ओळीशेवटी थांबायचो आणि तिनं थांबा म्हणजे एंटर असं बोटांना शिकवून टाकलं होतं. तिथं प्रत्येक जादा एंटर म्हणजे एक चूक. सर म्हणाले, "वेग आहे. पण अशानं नापास."

येताना एसटीत ती खिडकीबाहेर बघत होती. मी म्हटलं, "चूक माझी." ती म्हणाली, "अण्णा, बोटं माझी आहेत."

आता रोज मी तिला जुन्या वर्तमानपत्रातल्या जाहीर नोटिसा न थांबता वाचून दाखवतो. मला दम लागतो, पण थांबत नाही. पाटावर मात्र एंटर दाबलं की नाही ते दिसत नाही. खरी कळ लागते. म्हणून पुन्हा मागतो, या वेळी कारण लपवून नव्हे. डबा पाठव.

आणखी एक. अर्जात नंबर तुझा दिलेला आहे. चाचणीची तारीख मेसेजनं कळवतात म्हणे. प्रेरणानं जांभळीखालून तुला विचारलं तेव्हा तू "काही आलं नाही" म्हणालास. आल्या आल्या कळव.

अण्णा


हिर्डोशी
बुधवार, १९ नोव्हेंबर

अमृत,

काल दुकानात येऊन गेलो, तरी हे लिहितोय. समोर बोलता आलं नाही. गिऱ्हाईकं होती. शिवाय तू मागवलेला चहा पीत असताना मला भांडता येत नाही, हा माझा जुना दोष.

दुकान छान केलं आहेस. पुढे मोबाईल काचेत, दिवे, ती मोठी पाटी: जुनं द्या, नवं न्या. मी आलो तेव्हा पुढे कुणीच नव्हतं. माणसं सगळी पडद्याशी. आणि पडद्यामागे तू. तू, अमृत, डब्यासमोर. एका बोटानं. एक अक्षर शोधायचं, दाबायचं, मान वर करून पडद्यावर बघायचं, परत खाली. पहिलीतलं पोर पाटीवर वाकतं तसा वाकला होतास. मला उगाच गलबलून आलं.

पालीचे गेनबा होते समोर. राजगडाला येणाऱ्या पोरांना उतरायला त्यांनी दोन खोल्या काढल्यात, त्याच्या नोंदणीचा अर्ज.

"अमृतशेट, माज्या नावात किती येळ लागतोय? लई मोठं न्हाई ते."

"झालंच बघा."

"वैनी असत्या तर घरी पोचलो असतो आत्तापतूर. ह्यो मोबाईलवर न्हाई व्हत का? तुमीच म्हनता सगळं व्हतंय म्हनून."

"कागदं जोडायची असतात, सह्या बसवायच्या असतात, साइझ करायची असते… नाही होत नीट त्यावर."

"मग ईकता कशाला?"

सगळे हसले. तूही हसलास, पण कान लाल झाले होते. ते कान मी ओळखतो.

तेव्हा मला कळलं, तू डबा का पाठवत नाहीस. तो भंगार नाहीच. दुकानाचा दिवा पुढे आहे, पण वात पडद्यामागे आहे. आणि ती वात कोण सारत होतं तेही त्या रांगेतल्या सगळ्यांना माहीत आहे. तुला फक्त ते तोंडानं म्हणवत नाही.

दसऱ्याला काय झालं ते मी तुला विचारलेलं नाही. प्रेरणानंही महिनाभर सांगितलं नव्हतं. आईच्या गुडघ्यावर तेल चोळताना एकदा बोलून गेली. तू सकाळी पुढच्या मोबाईलची पूजा केलीस. तिनं झेंडूची माळ कॉम्प्युटरला घातली, कळफलकावर कुंकू वाहिलं. तू गिऱ्हाईकांदेखत म्हणालास, "त्याला कशाला? या दिवाळीला डबा आणि डबेवाली, दोन्ही एक्सचेंजमध्ये काढतो." लोक हसले. विनोद होता, मला ठाऊक आहे. तिनं त्या दिवशीचे सगळे फॉर्म पुरे केले, मशीन बंद केलं आणि संध्याकाळची एसटी धरली. गुडघा आम्ही नंतर दुखवला.

काल मी बघितलं. ती माळ अजून तशीच आहे पडद्याच्या कडेला, वाळून काळी पडलेली. तू काढलेली नाहीस. ते बघून मी मनात म्हटलं, पोरगा आपलाच आहे.

पण मग तू ते बोललास. मी निघताना, पैरणीच्या खिशात माझ्यासाठी बिस्किटाचा पुडा कोंबत: "राहू दे तिला अण्णा. मी काही भांडत नाही. सोमवार झाला की येईलच ती."

मी पायरी उतरलो. कापूरव्होळपर्यंत रिक्षात माझ्या डोक्यात काही आलं नाही. भोरच्या एसटीत तिकीट काढताना कंडक्टरनं विचारलं, "बाबा, कुठं?" आणि मी गावाचं नाव सोडून म्हणालो, सोमवार. कुठला सोमवार? घरात तर कुणीच सोमवार म्हटलेलं नाही. मी तुला कुठलीही तारीख लिहिली नाही, कारण तारीख आम्हाला माहीतच नाही. आम्ही रोज मेसेजची वाट बघतोय.

तुला सोमवार कुठून कळला, अमृत?

मला उत्तर पाठवू नकोस. ते मला कळलं आहे. मी फक्त एवढं लिहितो की घरी आल्यावर मी प्रेरणाला "सोमवार" एवढाच शब्द सांगितला. तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. आत जाऊन अर्जाची छापील प्रत काढली आणि पिशवीत घातली. उद्या पहिल्या एसटीनं भोरला जाते आहे.

तुझी आई मला सारखी विचारते, "काय झालं त्ये सांगा की." सांगितलं नाही. कसं सांगू?

अण्णा


पुणे
सोमवार, २४ नोव्हेंबर

चि. अमृत,

हे परीक्षा केंद्राच्या फाटकासमोर, चहावाल्याच्या बाकड्यावर बसून लिहितोय. ती आत आहे. मला आत सोडलं नाही. रखवालदार म्हणाला, "आजोबा, कोण लागते तुमची?" सून म्हटलं. त्यानं मला परत एकदा नीट बघितलं आणि सावलीत बसा म्हणाला.

हॉलतिकीट गुरुवारी भोरला निघालं. सरांनी त्यांच्या कॉम्प्युटरवर साइट उघडली, अर्जाचा क्रमांक आणि तिची जन्मतारीख टाकली, आणि ते तिथंच होतं. कितीतरी दिवसांपासून. आम्ही जांभळीखाली उभे राहून फोनची वाट बघत होतो. सरांनी विचारलं, "मेसेज आला नव्हता का?" प्रेरणा म्हणाली, "नंबर चुकला होता सर. बदलायचा आहे." तिनं तिथल्या तिथं तुझा नंबर काढून स्वतःचा घातला.

शुक्रवारी गोरख आला तेव्हा त्याच्याजवळ तुझ्या दुकानाची पिशवी होती. निरोप काय, विचारलं. म्हणाला, "काय न्हाई. नुसती पिशवी दिली. शिव्या पन न्हाई दिल्या, म्हंजे काईतरी बिनसलंय." आत डब्याचा कळफलक होता. नुसता कळफलक, आणि त्याच्याबरोबर एक बोटभर वायर. ती कशाची ते मला समजेना. प्रेरणाला समजलं. तिनं ती वायर टॅबला लावली, तिच्यात कळफलक लावला, टॅब तांदळाच्या डब्याला टेकवून उभा केला आणि बोटं ठेवली. अक्षरं उमटली. काच तुझी, कळा डब्याच्या. मी इतके दिवस उगाच एकाला दुसऱ्याविरुद्ध उभं करत होतो.

कळांच्या फटींत दसऱ्याचं कुंकू अजून होतं. तिनं ते पुसलं नाही. शनिवार-रविवार ती त्यावरच बसून होती. खळ्यावर आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी भात पाखडत होतो आणि घरातून कळांचा आवाज यायचा. मी जाहीर नोटिसा वाचायला जायचो तर म्हणायची, "अण्णा, तुम्ही नको. तुम्ही वाचलं की ती पण कविता होते."

कळफलक पाठवलास म्हणजे गेनबांसारख्यांचे अर्ज अडले असणार. वायर आठवणीनं टाकलीस म्हणजे विचार केला होतास. हे मी धरलं आहे. पण मेसेजबद्दल तू एक ओळसुद्धा लिहिली नाहीस. तेही धरलं आहे. एकानं दुसरं पुसत नाही.

सरांनी घरच्या ओळीचं सांगितलं तेव्हा मला आधी वाटलं होतं, हे अमृतला लिहावं, म्हणजे त्यालाही वाटेल की सगळं घरी परत येतं. आता तसं वाटत नाही. बोटं घरच्या ओळीवर येतात, कारण तिथून सगळ्या अक्षरांपर्यंत पोचता येतं. पोचता येत नसेल तर ते बोटांचं घर कसलं?

खिडक्या उघड्या आहेत. आत मशीनच्या रांगा दिसतात, आणि मघाशी सगळ्यांनी एकदम सुरू केलं तेव्हा खळ्यावर नाचणी बडवतात तसा आवाज आला. त्यात तिचा कुठला ते ओळखायला कान लावून बसलो होतो. थांबणारा आवाज शोधत होतो. सात-आठ शब्दांनंतर थांबणारा. चहावाला म्हणाला, "आजोबा, चहा गार झाला."

आवाज थांबला आहे. लिहिणं इथं थोडं थांबवतो.

ती आली. चप्पल घालताना तोल गेला म्हणून माझ्या खांद्याला धरलं. मी विचारलं, "कसं गेलं?" ती बाकड्यावर बसली, माझा गार चहा उचलून पिऊन टाकला.

"अण्णा, एकदाही एंटर दाबलं नाही. शेवटपर्यंत."

"आणि उतारा?"

"पुरा. वेळ उरला होता. मग हात नुसते ठेवून बसले."

निकाल लागायचा तेव्हा लागेल. तिच्या नंबरवर येईल.

तिनं तुझ्यासाठी निरोप सांगितला आहे, जसा सांगितला तसा लिहितो: "कळफलक उद्या गोरखबरोबर परत पाठवते. गेनबांचा अर्ज तेवढा आधी भरा, ते लांबून येतात."

कळफलक येईल. ती येईल की नाही, हे मी लिहिणार नाही, कारण ते माझं नाही. तिचा नंबर तुझ्याकडे आहे. जांभळीखाली संध्याकाळी रेंज असते. तिला काय म्हणायचं ते आधी नीट ठरव, आणि विनोद करू नकोस.

आज आधी तिचे, मग तुझे,
अण्णा